कौशल्याबाईंना झालेला साक्षात्कार

राजापेठेत शिकवणी-क्लासच्या पाट्यांनी झाकून गेलेल्या एका गल्लीत जाऊन नत्थुजींचं घर विचारलं, की पानठेल्यावरचा माणूस आधी हसायचा आणि मग सांगायचा, "सोताचाच पत्ता शोधून राहिले ते नत्थुजी काय? जा सरळ. घरीच सापडतीन."

नत्थुजी एस.टी.त ड्रायव्हर होते. अख्खी नोकरी अमरावती-अकोला या एकाच रस्त्यावर गेली. सकाळी अमरावती सोडायची, अकोला गाठायचं, गाडी वळवायची आणि निघालो तिथंच परत यायचं. जन्ममरणाचा फेरा लोक पोथीत वाचतात, नत्थुजींनी तो गिअर टाकून चालवला होता. एका मे महिन्यात बोरगाव मंजूच्या पुढं गाडी बंद पडली. ऊन असं, की रस्त्याचं डांबर पातळ होऊन नाल्याला लागलं होतं आणि बाभळीची सावली झाड सोडून गाडीखाली येऊन बसली होती. त्या उन्हात स्टिअरिंगवर डोकं टेकून असताना नत्थुजींना प्रश्न पडला : रोज जातो तो कोण, आणि रोज परत येतो तो कोण?

त्यांनी तो कंडक्टरला विचारला. कंडक्टर म्हणजे देवमन. दोघांची जोडी डेपोत बैलजोडीसारखी प्रसिद्ध होती.

"जाते तो ड्रायव्हर, येते तोही ड्रायव्हर," देवमन म्हणाला. "रेडिएटरमंदी पाणी टाक."

"अरे, पण आत्मा?"

"आमच्या बापानं छप्पन सालीच हे खटलं मिटवलं गड्या. आत्मा नाहीच म्हणते आमचा धम्म. जे नाही ते हरपत नाही, अन् हरपलं नाही ते शोधा लागत नाही. पाणी टाक."

नत्थुजींनी पाणी टाकलं, पण प्रश्न काही विझला नाही. तेव्हापासून त्यांनी एकेक मार्ग धरायला सुरुवात केली. आधी कर्म. फळाची आशा सोडून गाडी चालवायची म्हणून त्यांनी बडनेऱ्याचा थांबा घेतलाच नाही. फळाची आशा धरणारे तेवढे मागं ओरडत राहिले. मग भक्ती. भजनात ते असा सूर लावायचे, की गल्लीतल्या बकऱ्या दूध चोरायला लागल्या आणि मंडळींनी हात जोडले, "नत्थुजी, तुमचा आवाज देवापर्यंत पोचला. आता थांबा." मग योग. शीर्षासन इतकं साधलं, की वर केलेल्या तळव्यांवर पारव्यानं घरटं बांधलं. पिलं उडेपर्यंत खाली यायचं नाही असं नत्थुजींनी ठरवलं, आणि कौशल्याबाई त्यांना उलट्या तोंडात नळीनं चहा पाजत राहिल्या. शेवटी ते मेळघाटात सेमाडोहला जाऊन एका सागाखाली तपाला बसले. वाघ आला. समोर बसला. बराच वेळ न्याहाळून त्यानं जांभई दिली आणि निघून गेला. यात खाण्यासारखं काही नाही, हे त्या मुक्या जनावरालाही कळलं.

या सगळ्यावर कौशल्याबाईंचं म्हणणं एवढंच असे, "सापडला आत्मा तर घरी आणजा. मी पाहून घेतो."

बाई धामणगाव रेल्वेच्या. ठेंगण्या, कामाला वाघीण, आणि बोलण्यात नवऱ्याला कधी वरचढ होऊ न देणाऱ्या. नत्थुजींनी आयुष्यात बायकोचा फार विचार केला नव्हता. खिशातल्या चावीचा कोण विचार करतो?

निवृत्त झाल्यावर अकोल्याच्या एका शिबिरात उत्तरेकडचे कोणी स्वामी त्यांना भेटले. स्वामी म्हणाले, भक्ती, कर्म, योग हे सगळे वळसे आहेत. जवळचा रस्ता ज्ञानाचा. मक्याचं कणीस सोलतात तसं स्वतःला सोला. मी देह नाही. मी नाव नाही. मी कोणाचा कोणी नाही. सोलून सोलून जे उरेल, तो आनंद, तेच तुम्ही. आणि हे एकट्यानं होत नाही. समोर कोणीतरी पाहिजे. एकानं विचारावं, दुसऱ्यानं उत्तर द्यावं.

नत्थुजींना समोर कोण मिळणार? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अंबाडीची भाजी निवडत बसलेल्या कौशल्याबाईंपुढं चटई टाकली.

"तू कोण?"

कौशल्याबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तं नाही. मी कौशल्या."

"तसं नाही म्हणायचं. म्हण, मी कौशल्या नाही."

"मंग कुकर कोनं लावला?"

"देहानं लावला. तू देह नाही."

"बरं, नाही. आंघोळीले जाता आता?"

पण नत्थुजी आंघोळीला जात नसत. पाठ पूर्ण झाल्याशिवाय उठायचं नाही, असा त्यांनी नेमच केला. तेव्हा बाईंनी तो पाठ करून टाकला. शाळेतल्या पोरी पाढे म्हणतात त्या चालीवर, हातानं भाजी निवडत त्या म्हणून मोकळ्या होत : मी देह नाही, मी कौशल्या नाही, मी कोणाची बायको नाही. एवढ्यावर गाडी अडायची. पुढचं वाक्य होतं, मी कोणाची माय नाही.

"हे म्हणायले मन नाही होत जी."

"तेच तर बंधन आहे! म्हण."

त्यांचा एकुलता एक मुलगा कुलदीप हैदराबादेत नोकरीला. कौशल्याबाई हैदराबादच्या दिशेला एकदा बघत आणि पुटपुटत, "मी कोणाची माय नाही." मग उठून देवापुढं हात जोडून येत. पुढं पुढं त्या अडायच्याही थांबल्या. नत्थुजींना वाटलं, प्रगती आहे.

अशी काही वर्षं गेली. नत्थुजी स्वतः होते तिथंच होते. लग्नपत्रिकेत नाव बारीक छापलं तर अजून रागवायचे. आणि एका सकाळी त्यांनी "तू कोण?" म्हणून विचारलं, तर कौशल्याबाईंनी पाढा म्हटला नाही. हात थांबले. मांडीवरची भाजी खाली सांडली. त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या आणि फार हळू म्हणाल्या, "मले नाही माहीत."

नत्थुजी चटईवर ताठ बसले. स्वामी हेच म्हणाले होते. खरं उत्तर शब्दांत येत नाही. ज्याला कळलं तो म्हणतो, मला माहीत नाही.

त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा बायकोचा हेवा वाटला. गाडी चालवली यांनी, आणि मागच्या सीटवर डुलक्या घेणारी बाई आधी उतरून मोकळी!

मग खुणा दिसायला लागल्या. वरणात मीठ दोनदा पडे, कधी पडतच नसे. बाई चवीच्या पलीकडे गेल्या होत्या. आरशासमोर उभ्या राहून विचारत, "हे बाई कोन हाय? तिले बसाले सांगा." आपपर भाव गळाला होता. एकदा कुलदीपचा व्हिडिओ कॉल आला. पोरगा तिकडून "आई, आई" करत होता, आणि कौशल्याबाईंनी फोन नत्थुजींकडे देऊन शांतपणे सांगितलं, "कोनाचं तरी लेकरू रडून राहिलं. त्याच्या मायले बोलवा."

नत्थुजी गदगदले. पोराला म्हणाले, "तुही आई फार वर गेली बेटा."

"म्हणजे काय बाबा? बरी आहे ना ती?"

"आपल्यापेक्षा बरी हाय."

देवमन आठवड्यातून दोनदा येई. त्याला हे पटत नव्हतं.

"नत्थू, वहिनीनं मले बसल्या जागी तीनदा चहा देला."

"निष्काम कर्म. देल्ल्याची आठवण ठेवत नाही ते."

"तिसऱ्या कपात चहा नव्हता बह्याडा. निरं पाणी होतं. अन् मले म्हणे, तुमी कोनाकडचे पाहुणे? चाळीस वर्सं झाले माह्या हातचा तिळगूळ खाते ते! डाक्टरले दाखव."

"डॉक्टर देहाचा असते देवमन."

"अन् वहिनी कशाची हाय?"

"तुह्या धम्मात आत्मा नाही, तुले नाही समजायचं," नत्थुजी म्हणाले. देवमन चप्पल घालून निघून गेला आणि बरेच दिवस फिरकला नाही.

बातमी मात्र गल्लीत फिरली. पलीकडच्या जाईबाई भजनी मंडळ चालवत. त्या एक दिवस येऊन कौशल्याबाईंच्या पाया पडून गेल्या, दुसऱ्या दिवशी चौघींना घेऊन आल्या. कौशल्याबाई खुर्चीवर बसून असत, मांडीवर हात, नजर दाराकडे. कोणी काही विचारलं की बहुतेक गप्प. बोललंच तर एकच.

"हे घर माह्यं नाही. मले घरी जायचं हाय."

बायकांच्या डोळ्यांना धार लागे. "खरं हाय माय! हे घर कोनाचंच नाही. सगळ्याइले तठीच जायचं हाय."

"मंग न्या ना," कौशल्याबाई म्हणत. "कोनी नेऊनच नाही राहिलं मले."

"काय ते तळमळ!" जाईबाई म्हणत. "देवाच्या घरची ओढ म्हणतात ते हेच." आणि पदरानं डोळे पुसून नारळ ठेवत. नारळ इतके जमले, की गल्लीत चटणीचा सुकाळ झाला. नत्थुजी रोज सकाळी बायकोपुढं खाली चटईवर बसायचे. आता पाठ घ्यायला नाही, पाठ मागायला. म्हणायचे, "मलेही सांग थोडं. कसं केलं तू?"

कौशल्याबाई त्यांच्याकडे बघत. कधी त्यांची बोटं पदराचं टोक पिळत राहत. ती बोटं भीतीची होती, हे नत्थुजींना दिसत होतं आणि कळत नव्हतं.

देवमनची मुलगी ज्योत्स्ना अकोल्यात डॉक्टर होती. बापानं तिला फोनवर सगळं सांगितलं असावं. एका रविवारी ती बापाला घेऊन दारात उभी राहिली. लहानपणी याच घरात कौशल्याबाईंच्या हातची अंबाडीची भाजी-भाकरी खाल्लेली पोर. बाई खुर्चीवर होत्या, जाईबाईंची मंडळी खाली. खुर्चीखाली फरशीवर ओल पसरली होती. मंडळीतली एक जण ओलीपासून लुगडं सावरत म्हणत होती, देहभान सुटलं.

ज्योत्स्नानं मंडळींना बाजूला सारलं. कौशल्याबाईंना हाताला धरून आत नेलं, धुतलं, कोरडं लुगडं नेसवलं. मग बाहेर येऊन म्हणाली, "काका, हे कधीपासून?"

"साक्षात्काराले दोन वर्षं झाली असतीन," नत्थुजी अभिमानानं म्हणाले.

ज्योत्स्नानं बापाकडे पाहिलं. देवमन खिडकीबाहेर बघत होता.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला नेलं. नत्थुजींनी सगळा हयातीचा रस्ता काचेतून पाहिला; कौशल्याबाई प्रत्येक थांब्याला विचारत, "आलं का घर?" तपासण्या झाल्या. ज्योत्स्नानं दोघांना, म्हणजे नत्थुजींना आणि देवमनला, आपल्या खोलीत बसवलं.

"काका, हा स्मृतिभ्रंश आहे. मेंदू आटत जातो यात. आधी जवळचं पुसलं जाते, मग दूरचं. शेवटी फक्त लहानपण राहते, मग तेही नाही."

"गोळ्या?"

"देतो. पण गेलेलं परत येत नाही. सुरुवातीले आणलं असतं तर काही वर्षं धरून ठेवता आलं असतं. आणलं काहून नाही?"

नत्थुजींनी तपासणीचा कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली. आयुष्यात त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला कुठल्या ना कुठल्या ग्रंथातलं उत्तर होतं. देवमन "मी सांगतलं होतं" असं म्हणाला असता तर बरं झालं असतं. त्यानं नत्थुजींचा हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर नत्थुजींनी चटई टाकली. अंबाडीची जुडी बाईंच्या मांडीवर ठेवली. समोर बसून म्हणाले, "पाह्य माह्याकडे. तू कौशल्या."

बाईंचे डोळे उजळले. ओळखीचं काहीतरी कानावर आलं होतं. आणि पाढ्याच्या चालीवर, एकही शब्द न चुकता त्या म्हणाल्या, "मी देह नाही, मी कौशल्या नाही, मी कोणाची बायको नाही, मी कोणाची माय नाही."

सगळं पुसलं गेलं होतं आणि हे राहिलं होतं. रोजचं होतं ना. घोटून घेतलेलं.

"नाही, नाही. ते खोटं होतं. तू कौशल्या. धामणगावची. कुलदीपची आई. म्हण."

बाई घाबरल्या. आपलं काय चुकलं ते त्यांना कळेना. त्यांनी पाढा पुन्हा म्हटला, जरा मोठ्यानं, मास्तर रागावल्यावर पोर म्हणते तसा. नत्थुजींनी पुन्हा सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मुंगी डोंगर उकरते अशी गोष्ट सांगतात. त्या मुंगीलाही नत्थुजींची कीव आली असती. एक दिवस बाई हुंदके देऊन रडायला लागल्या, तेव्हा त्यांनी चटई गुंडाळून माळ्यावर टाकली.

जाईबाईंना त्यांनी सांगून पाहिलं. "माय, हा आजार हाय. येत नका जाऊ."

"डाक्टर काय समजते नत्थुजी? आतली गोष्ट हाय ते."

"आतलं मी रोज पाहून राहिलो."

"तुमाले मोह सुटून नाही राहिला बायकोचा, असं म्हणा ना!" जाईबाई म्हणाल्या. नत्थुजींनी नारळ उचलून गल्लीत फेकला. तो घरंगळत थेट बडनेऱ्यापर्यंत गेला, असं पानठेल्यावरचे लोक सांगतात. त्यानंतर बायका येईनाशा झाल्या.

आता घरात दोघंच. संध्याकाळ झाली की कौशल्याबाई दाराशी जाऊन उभ्या राहत आणि आईला हाका मारत. "आई, न्यायले ये ना वं." नत्थुजी मागं उभे राहून बघत. आयुष्यभर ज्याच्यामागं धावले ते समोर घडलं होतं. नाव गेलं, नातं गेलं, देहाची शुद्ध गेली; कणसाची सगळी पानं निघाली. आत आनंद नव्हता. आत धामणगावची एक पोरगी होती आणि तिला कोणी न्यायला आलं नव्हतं.

म्हणून त्यांनी तिला नेलं. देवमन सोबत होता. धामणगावला बाईंच्या माहेरच्या जागी आता सिमेंटच्या पोत्यांचं दुकान होतं. शेजारी तार, पत्रे, पाईप. कौशल्याबाईंनी दुकानाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि देवमनला विचारलं, "हे कोनतं गाव?"

"धामणगाव हाय वहिनी."

"नाही जी. धामणगावात आमचा गुराइचा वाडगा हाय, दारात चिंच हाय. तुमी मले भलतीकडेच आणलं."

त्यानंतर त्या नत्थुजींना भ्यायला लागल्या. घरात कोणी परका बुडा, म्हातारा माणूस, शिरला आहे, असं त्यांना वाटे. तो जवळ आला की त्या पाय पोटाशी घेऊन बसत. "मी तुहा नवरा," असं नत्थुजींनी एकदा सांगितलं, तर त्यांनी हातातला पेला फेकून मारला. "माह्यं लगन नाही झालं अजून! बाबाले सांगीन!" दोन दिवस त्यांच्या हातचं काही खाल्लं नाही.

तिसऱ्या दुपारी नत्थुजी ताट घेऊन दारातच थांबले.

"कोन जी तुमी?"

आयुष्यभर याच प्रश्नाचं खरं उत्तर शोधणाऱ्या माणसानं खोटं उत्तर दिलं. "तुमच्या बाबानं पाठवलं. न्यायले आलो."

बाईंचे खांदे खाली आले. पाय सैल झाले. "आले का बाप्पा! गाडी आणली?"

"आणली."

"मंग चला ना."

"जेवून निघू. बाबानं सांगतलं, उपाशी नका आणू म्हणे."

त्या जेवल्या. तेव्हापासून रोज हेच. नत्थुजी रोज माहेरचा माणूस होऊन येत, रोज जेवून निघायचं ठरे, रोज निघणं होत नसे. संध्याकाळी बाई रडत, सकाळी विसरलेल्या असत. कुलदीप महिन्याभरासाठी येऊन गेला. आईनं त्याला कोण म्हणून ओळखलं नाही, आणि जाताना त्यानं बापाकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नत्थुजींनी मान खाली घालून अंगावर घेतली. शोधायचं काही राहिलं नव्हतं. पोथ्या देवमननं उचलून नेल्या, का म्हणून नत्थुजींनी विचारलंही नाही.

एका दुपारी भात कालवून भरवताना कौशल्याबाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं.

"भाऊ, तुमचं लगन झालं?"

नत्थुजींनी घास पुन्हा ताटात कालवला. "झालं."

"बायको कोठी असते?"

"अमरावतीले. घरीच."

"चांगली हाय?"

"फार चांगली हाय."

"लेकरंबाळं?"

"एक पोरगा."

"मंग तुमी अठी काहून बसून राहिले?" कौशल्याबाईंचा आवाज एकदम जुना झाला, कामाला जुंपणाऱ्या बाईचा. "तिले सांगून आले का?"

"नाही."

"वाट पाहत असन ना ते! बायकोमाणसाचा जीव टांगून ठेवा नाही भाऊ. जा तुमी. आधी घरी जा. बाबाले म्हणा, मी थांबतो अठी, मले सवडीनं न्या."

"तुमी जेवून घ्या, मंग..."

"आता एक घास नाही घेत. जा म्हणतो ना!"

त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि ताट बाजूला सारलं. नत्थुजी ओळखून होते. हे तोंड आता उघडणार नव्हतं. ते उठले. हात धुतले, टॉवेल खांद्यावर टाकला, चप्पल घातली. बाई दारापर्यंत त्यांना पोचवायला आल्या.

"सांगजा तिले, कौतुकाची बाई हाय म्हणून," त्या म्हणाल्या. "तुमाले चांगलं ठेवलं तिनं."

नत्थुजी पायरीवर उतरले. गल्लीत क्लास सुटला होता, पोरांच्या स्कूटी हॉर्न वाजवत जात होत्या. मागं कौशल्याबाईंनी दार लोटलं आणि आतून कडी लावून घेतली.